शून्याखालची बिऱ्हाडे

जानेवारी उलटला की वणी-दिंडोरी पट्ट्यातला द्राक्षाचा घड वेलीवरून उतरतो आणि तिथून पुढचा त्याचा सगळा प्रवास थंडीच्या भरवशावर चालतो. ऊन चढायच्या आत खुडणी उरकायची, क्रेट सावलीला ठेवायचे, पॅकहाऊसमध्ये बायकांनी कात्रीच्या टोकाने तडकलेला, डागी मणी काढून टाकायचा, घड पनेटमध्ये आणि पनेट पेटीत. पेटी जाते प्री-कूलिंगच्या खोलीत. तिथे सहा-आठ तासांत घडाच्या अंगातले ऊन काढून घेतात. मग शून्य ते एक अंशाचे कोल्ड स्टोअरेज, मग न्हावा शेवा, मग गार कंटेनरमधून तीन-चार आठवडे समुद्र.

पेटी बंद करण्याआधी घडांवर एक पांढरा कागद अंथरतात. त्याला नुसते ‘पॅड’ म्हणतात. त्याच्या थरांमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइटची पूड असते आणि पेटीतल्या ओलाव्याने ती हळूहळू सल्फर डायऑक्साइड सोडत राहते. पॅड नाकाजवळ धरला तर ठसका लागतो. शून्य अंशात सगळेच निजत असेल तर हा ठसका कोणासाठी? तो आहे बोट्रायटिस नावाच्या राखाडी बुरशीसाठी. शून्य अंशातही ती वाढते. सावकाश वाढते, पण वाढते. आणि समुद्रावरचे तीन-चार आठवडे तिला पुरतात. पॅड नसला तर रॉटरडॅमला पेटी उघडल्यावर एका मण्याभोवती करड्या लवीचा पुंजका आणि त्याला चिकटून बसलेले पाच-सात मऊ मणी दिसतात. एवढ्यावरून अख्खी पेटी नाकारली जाते.

थंडीत जीव थांबतो, हा आपला पक्का समज. फ्रिजमध्ये टाकले म्हणजे सुटलो. ह्या समजाला पहिला धक्का १८८७ मध्ये बसला. फॉर्स्टर नावाच्या संशोधकाने थंडीत टिकवलेल्या माशांवरून असे जिवाणू वेगळे केले की जे शून्य अंशालाही आरामात वाढत होते. पुढे १९७५ मध्ये रिचर्ड मोरिटा ह्या अमेरिकी शास्त्रज्ञाने त्यांची वर्गवारी लावून दिली: ज्यांना पंधरा किंवा त्याहून कमी अंशांतच सगळ्यात जास्त मानवते, जे वीस अंशांच्या वर तगत नाहीत आणि शून्याला किंवा त्याखालीही वाढतात, ते खरे शीतप्रेमी. थंडी सोसणारे, पण उबेत खुलणारे, ते शीतसहिष्णू. आपल्या फ्रिजमधल्या दुधाला कडवटपणा आणणारे बहुतेक ह्या दुसऱ्या जातीचे. पहिल्यांना तर वणीची जानेवारीतली दुपारही उन्हाळा वाटावी.

महाराष्ट्रात हिमनदी नाही. सह्याद्री कितीही उंच वाटला तरी कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. तिथे कायमचे हिम साचायचा प्रश्नच नाही. पण हिमनदीतल्या जिवांच्या भारतीय संशोधनात गोवा आणि पुणे ही दोन ठिकाणे पुन्हा पुन्हा येतात, आणि त्या संशोधनाचा एक धागा थेट नाशिक रोड स्टेशनपर्यंत पोचतो. तो का आणि कसा, ते सांगण्याआधी मुळात बर्फात कोणी राहते तरी कुठे, ते पाहायला हवे.

बर्फ आपल्याला सलग दिसतो. प्रत्यक्षात तो स्फटिकांचा ढीग असतो. पाणी गोठताना स्फटिकात फक्त पाण्याच्या रेणूंना जागा मिळते. त्यातले क्षार, आम्ले, धुळीचे कण बाहेर ढकलले जातात. हे ढकललेले सगळे दोन-तीन स्फटिक जिथे भिडतात त्या फटींत साठते. तिथले पाणी इतके खारट किंवा आम्लधर्मी होते की शून्याखालीही गोठत नाही. केसापेक्षा कितीतरी बारीक अशा ह्या पाण्याच्या शिरांचे जाळे घट्ट बर्फातून पसरलेले असते. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ बफर्ड प्राइस यांनी २००० मध्ये मांडले की जिवाणूंना एवढी जागा पुरेशी आहे. आम्लात आणि क्षारात त्यांना खायलाही मिळते. ह्या शिरांत जगणे म्हणजे फार काही करणे नव्हे. तुटलेला डीएनए जोडत राहायचे, पेशीची डागडुजी करायची, आणि वाट पाहायची.

हिमनदीच्या पृष्ठभागावर मात्र नुसती वाट पाहणे नसते, चक्क वस्ती असते. १८७० मध्ये नॉर्डेनशॉल्ड हा स्वीडिश प्रवासी ग्रीनलंडच्या बर्फावरून चालत होता. त्याला जागोजाग काळ्या गाळाने भरलेले गोल खड्डे दिसले. वाऱ्याने आलेली काजळी आणि धूळ ऊन शोषते, आजूबाजूच्या बर्फाहून जास्त तापते आणि आपल्यापुरता बर्फ वितळवून खाली उतरते. खड्डा बोटभर रुंद असेल, नाहीतर परातीएवढा. वर शून्याच्या जरासे वर असलेले नितळ पाणी, तळाशी काळी माती. ती माती बोटांत घेतली तर सुटी नसते, तिचे मिलिमीटरभराचे गोळे झालेले असतात. प्रत्येक गोळ्यात धाग्यासारखे नील-हरित जिवाणू धुळीचे कण गुंडाळून बसलेले असतात. ते उन्हावर अन्न तयार करतात. त्यांच्या उष्ट्यावर दुसरे जिवाणू, यीस्ट, बुरश्या जगतात. आणि त्यांना खायला अगदी सूक्ष्म प्राणीही येतात. ह्या गाळाला क्रायोकोनाइट म्हणतात. गोव्यातल्या आपल्या ध्रुवीय संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी स्वालबार्डच्या हिमनद्यांवरच्या अशाच खड्ड्यांतून यीस्ट आणि बुरश्या वेगळ्या करून त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे.

आता हे जीव गोठत कसे नाहीत? पेशीचे आवरण मुख्यतः स्निग्ध पदार्थांचे असते, आणि स्निग्ध पदार्थाची थंडीत काय गत होते ते डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली उलटी करून बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे. शेजारचे शेंगदाण्याचे तेल मात्र खुशाल वाहते. खोबरेलाची मेदाम्ले सरळसोट, एकावर एक घट्ट रचली जाणारी. शेंगदाण्याच्या तेलातल्या बऱ्याच मेदाम्लांना मध्येच वाक असतो, म्हणून ती एकमेकांना खेटून बसू शकत नाहीत. शीतप्रेमी जिवाणू नेमके हेच करतो. गारठा वाढला की तो आपल्या आवरणात वाकडी मेदाम्ले वाढवतो आणि आवरण लवचिक ठेवतो.

आवरण सुटले तरी आतला कारखाना उरतोच. विकरे, म्हणजे पेशीतली कामे करणारी प्रथिने, थंडीत ताठर होतात. शीतप्रेमींची विकरे मुळातच सैलसर बांध्याची असतात. त्याची किंमत अशी की थोडी ऊब लागली की ती मोडतात. प्रयोगशाळांना हा दोषच सोयीचा पडला. अंटार्क्टिकातल्या एका जिवाणूपासून मिळालेले फॉस्फेटेज जनुकीय कामांत म्हणूनच वापरतात: काम झाले की थोडे तापवायचे, ते मरते, पुढच्या पायरीत लुडबुड करत नाही. थंड पाण्यात डाग काढणाऱ्या धुलाईच्या पावडरींमागेही अशाच विकरांचा शोध आहे.

आणि वेग? पोटातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. अलास्काजवळच्या समुद्री बर्फातला सायक्रोमोनास इंग्राहामी उणे बारा अंशांत दुप्पट व्हायला दहा दिवस घेतो. कॅनडाच्या उत्तरेच्या कायम गोठलेल्या जमिनीतला प्लॅनोकॉकस हॅलोक्रायोफिलस उणे पंधरा अंशांत वाढतो, आणि त्याला दुप्पट व्हायला पन्नासेक दिवस लागतात. त्याच्यावर पीएचडी करणाऱ्याच्या चिकाटीला माझा नमस्कार.

भारताने ह्या विषयात पाऊल टाकले ते गोव्यातून. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जणांची तुकडी ‘पोलर सर्कल’ ह्या भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. त्यानंतर दक्षिण गंगोत्री हे पहिले केंद्र उभे राहिले आणि काही वर्षांत बर्फाखाली गाडले गेले. मग १९८९ मध्ये शिर्माकर ओअॅसिस ह्या खडकाळ, बर्फमुक्त पट्ट्यावर ‘मैत्री’ आले. ह्याच पट्ट्यातल्या मातीचे नमुने हैदराबादच्या सीसीएमबीत, म्हणजे पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात पोचले. डॉ. एस. शिवाजी यांच्या गटाने त्यांतून स्युडोमोनास वंशाचे जिवाणू वेगळे करून १९८९ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. संस्थेचे संस्थापक पुष्पमित्र भार्गव हेही त्याचे एक लेखक होते. १९९२ मध्ये तिथलाच स्फिंगोबॅक्टेरियम अंटार्क्टिकम ही नवी जात म्हणून नोंदला गेला.

त्याच संस्थेत डॉ. मलय राय यांच्या गटाने एलझेड-४-डब्ल्यू नावाच्या एका अंटार्क्टिक स्युडोमोनासवर वर्षानुवर्षे काम केले. प्रश्न साधा वाटेल असा: थंडीत पेशीतला निरुपयोगी झालेला आरएनए साफ कोण करतो? थंडीत आरएनए स्वतःवरच दुमडून गाठी मारतो आणि त्या सोडवणे अवघड होते. ह्या जिवाणूत सफाईची यंत्रणा वेगळ्या जोडणीची निघाली. त्यातले आरनेज-आर हे विकर काढून घेतले तर जिवाणू बावीस अंशांत ठीक राहतो, चार अंशांत मात्र वाढू शकत नाही. थंडीत जगण्याचा भार केवढ्या लहान खिळ्यावर तोललेला असतो, ते ह्या कामाने दाखवले. वर्तमानपत्रांत ह्यावर चार ओळीही आल्याचे मला आठवत नाही.

मग हिमालय. हिमाचलातल्या हाम्ता हिमनदीवरून पेडोबॅक्टर हिमालयेन्सिस, डायाडोबॅक्टर हाम्तेन्सिस, एक्झिगुओबॅक्टेरियम इंडिकम. कुमाऊँतल्या पिंडारीवरून लायफ्सोनिया पिंडारिएन्सिस आणि बॅसिलस सेसेम्बेन्सिस. काफनीवरून पेनिबॅसिलस ग्लेशिॲलिस. सांगाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या रूपकुंडाजवळून क्रायोबॅक्टेरियम रूपकुंडेन्से. ह्या जाती २००५ ते २०१० ह्या पाच-सहा वर्षांत शिवाजींच्या प्रयोगशाळेने जगाच्या यादीत घातल्या. ‘सेसेम्बेन्सिस’मध्ये सीसीएमबी ही चार अक्षरे लपली आहेत, शास्त्रज्ञांनाही आपल्या दाराची पाटी लावायचा मोह होतोच.

गोव्यात वास्कोजवळ हेडलँड सडा इथे ध्रुवीय केंद्र १९९८ मध्ये स्थापन झाले. २०१८ पासून त्याचे नाव राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र. बाहेर दमट हवा, घाम, अरबी समुद्र. आत उणे वीस अंशांची बर्फाच्या गाभ्यांची प्रयोगशाळा. अंटार्क्टिकात पोकळ नळीने भोके पाडून काढलेले बर्फाचे लांब दांडे इथे येतात. जिवाणूंसाठी असा दांडा हाताळायची पद्धत पाहण्यासारखी असते. बाहेरचा थर विश्वासाचा नसतो, कारण त्याला यंत्राचे तेल, माणसाचा हात, हवा लागलेली असते. तो थंड खोलीतच खरवडून काढतात, मग निर्जंतुक पाण्याने धुतात, आणि मधला, कोणाचाही हात न लागलेला गाभा वितळवून गाळणीतून गाळतात. तरीही शेजारी कोरा नमुना ठेवावा लागतो, नाहीतर गाळणीवर सापडलेला ‘हजारो वर्षांपूर्वीचा’ जिवाणू तंत्रज्ञाच्या कातडीवरचा निघायचा. ह्या क्षेत्रातली अर्धी भांडणे ह्यावरूनच होतात.

ह्याच केंद्राने लाहौल-स्पितीत साडेतेरा हजार फुटांहून उंचावर ‘हिमांश’ हे ठाणे २०१६ मध्ये उघडले. चंद्रा नदीच्या खोऱ्यातल्या सुत्री ढाका, बातल, समुद्र टापू, बडा शिग्री ह्या हिमनद्यांचा जमाखर्च तिथून मांडला जातो: किती हिम पडले, किती वितळले, पाणी कुठे गेले. जिवाणू ह्या हिशेबात नुसते पाहुणे नसतात. क्रायोकोनाइटचा काळा गाळ आणि वरच्या रंगीत शेवाळांनी बर्फ काळवंडला की तो जास्त ऊन शोषतो आणि लवकर वितळतो. वितळले की ओल वाढते, ओल वाढली की वस्ती वाढते.

पुण्याचा धागा थोडा वेगळा, आणि मला स्वतःला जरा सावधपणे धरावासा वाटणारा. आयुका ह्या पुण्यातल्या संस्थेचे खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांना एक प्रश्न फार दिवस छळत होता: वातावरणाच्या अगदी वरच्या थरात जिवंत जिवाणू आहेत का, आणि असतील तर ते खालून गेले की वरून आले? त्यांच्या पुढाकाराने आणि इस्रोच्या मदतीने २००५ च्या एप्रिलमध्ये हैदराबादहून एक प्रचंड फुगा सोडला गेला. त्याच्याखाली पोलादी, निर्जंतुक, निर्वात नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवून ठेवल्या होत्या. निऑनचा तो गारठा उणे २४६ अंशांच्या आसपासचा. वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवर नळ्यांची तोंडे उघडली, तिथली विरळ हवा आत शिरली आणि गोठून चिकटली. नमुने दोन वेगळ्या ठिकाणी तपासले: हैदराबादेत सीसीएमबीत आणि पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात, म्हणजे डॉ. योगेश शौचे यांच्याकडे. बारा जिवाणूंच्या आणि सहा बुरश्यांच्या वसाहती उगवल्या. त्यांतल्या तीन नव्या जाती ठरल्या: जॅनिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय. २००९ मध्ये इस्रोने हे जाहीर केले तेव्हा मथळे अर्थातच ‘परग्रहावरचे जीव’ असे आले. इस्रोच्या निवेदनात मात्र पृथ्वीबाहेरचे मूळ सिद्ध झाले नसल्याचे स्वच्छ म्हटले होते. हे जिवाणू काटेकोर व्याख्येने शीतप्रेमीही नव्हेत. अतिनील किरण सोसणारे, चिवट. माझ्या मते ह्या प्रयोगाचे मोल वेगळे आहे. हवेतून जिवाणू कुठवर जातो ह्याला त्याने आकडा दिला. पिंडारीचा बर्फ ज्या धुळीने पेरला जातो तीही हवेच्याच वाटेने येते. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले. त्यांचा ‘वरून की खालून’ हा प्रश्न अजून खुलाच आहे.

हवेतल्या जिवाणूंचा आणखी एक उद्योग द्राक्षवाल्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असले की निफाड, दिंडोरी, वणीकडे पारा कोसळतो, ‘दवबिंदू गोठले’ अशा बातम्या येतात, आणि रात्री बागांत शेकोट्या पेटतात, पहाटे पाणी सोडले जाते. मण्यांची फुगवण थांबते, थॉमसन जातीच्या मण्यांवर गुलाबी झाक येते, आणि फारच घसरले तर पाने करपतात. आता गंमत अशी की शुद्ध पाणी शून्याला गोठतेच असे नाही. त्याला सुरुवात करून द्यायला कण लागतो. नाहीतर बारीक थेंब उणे अडतीस अंशांपर्यंत द्रवच राहू शकतो. साधी धूळ हे काम उणे दहा-पंधराच्या सुमाराला करते. पानांवर राहणारा स्युडोमोनास सिरिंगी मात्र उणे दोनलाच करतो. त्याच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन पाण्याच्या रेणूंना बर्फाच्या नक्षीत ओळीने उभे करते. पानाची पेशी फुटली की त्याला रस मिळतो.

हे सापडले ते अपघाताने. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिनमध्ये मक्यावरच्या रोगाचा अभ्यास करताना रोगट पानांची भुकटी रोपांवर टाकली होती. थंडीची लाट आली आणि नेमकी तीच रोपे करपली. पुढे स्टीव्हन लिंडो यांनी हे प्रथिन नसलेला जिवाणू तयार केला. तो आधी फवारला तर पानावरची जागा तोच अडवील, अशी कल्पना. २४ एप्रिल १९८७ रोजी कॅलिफोर्नियातल्या ब्रेंटवूडला स्ट्रॉबेरीवर तो फवारला गेला. जनुकबदल केलेला जीव रीतसर परवानगीने उघड्यावर सोडण्याची जगातली ती पहिली वेळ. आदल्या रात्री विरोधकांनी रोपे उपटली होती. फवारणारी संशोधिका नियमाप्रमाणे अंतराळवीरासारख्या पोशाखात होती, आणि काही अंतरावर छायाचित्रकार साध्या कपड्यांत उभे होते. ते छायाचित्र गाजले, उत्पादन बाजारात कधी आले नाही. मूळ बर्फ जमवणारा जिवाणू मात्र चालला: तो मारून, वाळवून केलेली पूड स्कीच्या मैदानांवर कृत्रिम हिम पाडायला वापरतात, आणि १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्येही ती वापरली होती.

बर्फ वितळतो आहे म्हटल्यावर ‘आत झोपलेले रोग जागे होतील’ ही भीती ओघाने येते. २०१६ मध्ये सैबेरियातल्या यामाल भागात अँथ्रॅक्स उसळला, दोन हजारांहून अधिक रेनडिअर मेले, एक मुलगा दगावला; वितळलेल्या जमिनीतून जुने बीजाणू वर आले असावेत, असा अंदाज आहे. पण अँथ्रॅक्सचे बीजाणू साध्या मातीतही दशकानुदशके टिकतात आणि सदतीस अंशांच्या शरीरात वाढतात. खऱ्या हिमनदीवासी जिवाणूला आपले शरीर म्हणजे भट्टी. तिबेटच्या गुलिया हिमटोपीच्या सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वीच्या बर्फात २०२१ मध्ये तेहतीस विषाणू ओळखता आले, त्यांतले अठ्ठावीस नवे. ते बहुधा जिवाणूंवर जगणारे, माणसाशी देणेघेणे नसलेले. भीतीपेक्षा मला हिशेब महत्त्वाचा वाटतो. २०२२ मध्ये चिनी संशोधकांनी तिबेटच्या एकवीस हिमनद्यांतून ९६८ जातींची जनुकीय यादी तयार केली, त्यांतल्या बहुतेक विज्ञानाला नव्या. आपल्या बाजूच्या हिमालयातून वर सांगितली ती नावे एका प्रयोगशाळेने एकेक जिवाणू वाढवून मिळवली.

कामाला लावलेल्या शीतप्रेमींचे सगळ्यात मोठे भारतीय उदाहरण मात्र अनपेक्षित ठिकाणी आहे. सियाचीन-लडाखच्या ठाण्यांवर मैला कुजतच नाही. वर्षानुवर्षे बर्फात तसाच पडून राहतो. त्यावर उपाय म्हणून डीआरडीओच्या ग्वाल्हेर आणि तेजपूरच्या प्रयोगशाळांनी बायोडायजेस्टर तयार केला. त्याचे विरजण असे: शेणाच्या गोबरगॅसची मळी घेतली, ती हळूहळू थंडीला सरावली, आणि तिच्यात अंटार्क्टिका व इतर थंड प्रदेशांतून आणलेले जिवाणू मिसळले. बंद टाकीत, हवेशिवाय, एक गट मैल्याचे मोठे रेणू तोडतो, दुसरा त्यांची आम्ले करतो, शेवटचा मिथेन सोडतो. उरते ते बरेचसे पाणी. पुढे हेच तंत्र रेल्वेने उचलले आणि डब्यांखाली बायोटॉयलेटच्या टाक्या आल्या. मे महिन्यात मनमाडच्या उन्हात उभ्या असलेल्या डब्याखाली अंटार्क्टिकावाल्यांपैकी कितीजण तग धरत असतील, हा प्रश्न रास्तच आहे. मिश्र वस्तीत हवामानाप्रमाणे कारभारी बदलतात. टाक्या तुंबण्याच्या तक्रारींची कॅगने २०१७ च्या अहवालात दखल घेतली, आणि आयआयटी मद्रासच्या अभ्यासकांनी बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या शुद्धतेवर प्रश्न उपस्थित केले. तुंबण्याचे मोठे कारण जिवाणू नव्हतेच. बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, डायपर, चिंध्या ह्यांतले काहीच त्यांना पचत नाही. नाशिक रोडला गाडीत चढल्यावर शौचालयाच्या दारामागे ‘कचरा टाकू नये’ अशी सूचना दिसते, ती ह्या जिवाणूंसाठी आहे.